सुकती : चार ते सहा

माणसाच्या सुखाची नेमकी वेळ कोणती, यावर आपल्याकडे पुष्कळ विचार झालेला आहे. कुणी ब्राह्ममुहूर्त सांगतो, कुणी गोरज. आमचे एक शेजारी तर पंचांगातली लाभाची चौघडी बघितल्याखेरीज केस कापायलासुद्धा बाहेर पडत नाहीत. न्यूयॉर्क शहराने हा प्रश्न एकदाचा निकालात काढला आहे. सुखाची वेळ दुपारी चार ते सायंकाळी सहा. सोमवार ते शुक्रवार. फक्त बारच्या फळीवर बसणाऱ्यांना. सोबत एक पेय घेतलेच पाहिजे. या वेळेला तिथे ‘हॅपी अवर’ म्हणतात. अवर म्हणजे तास, पण हा तास दोन तासांचा असतो. तेव्हा सुखाच्या बाबतीत ही मंडळी हिशेब जरा सैल ठेवत असावीत, अशी माझी समजूत झाली. ती किती चुकीची होती, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मुलीकडे, क्वीन्समध्ये, आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी गेलो होतो. सहा महिने करायचं काय, हा प्रश्न अमेरिकेला गेलेल्या प्रत्येक बापापुढे असतो. आयांना तो पडत नाही. आमच्या हिने पहिल्या आठवड्यातच मुलीच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे नव्याने लावले आणि जावईबापूंना मीठ सापडेनासं झालं. मी मात्र चौतीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या हिशेबखात्यात काढलेला माणूस. चार बेरजा झाल्याशिवाय मला जेवण जात नाही. म्हणून रोज दुपारी सात नंबरची गाडी पकडायची, मॅनहॅटनात उतरायचं आणि हॉटेलांबाहेरचे दर वाचत हिंडायचं, हा उद्योग मी सुरू केला. डॉलरचे रुपये करणं दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिलं. त्याने भूक मरते.

अशाच एका दुपारी आम्ही दोघं चाललो असताना एका काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसलं : ऑयस्टर, नगास दीड डॉलर, चार ते सहा. काचेआड बर्फाच्या ढिगावर ती मांडून ठेवली होती. खडबडीत, वेडीवाकडी, करडी. चेहरा ओळखीचा वाटला म्हणून मी काचेला नाक लावलं. आणि काय सांगू! आमच्या मालवणच्या खडपातली कालवंच की ही! जात थोडी निराळी असेल, पण कूळ तेच. आपल्या गावचा उघडाबंब गडी परदेशात एकदम सुटाबुटात भेटावा, तसं मला झालं.

आत जाऊन सहा मागवली. सक्तीचं पेय म्हणून दोघांना दोन सोडे घेतले. फळीपलीकडचा गडी बोथट सुरीचं टोक शिंपल्याच्या बिजागरीत घालून मनगटाला एकच हिसका देई आणि कालव उघडून समोर ठेवी. ही त्याच्याकडे टक लावून बघत होती.

“जिवंत आहेत?” तिने मला मराठीत विचारलं. मी त्याला इंग्रजीत विचारलं. तो अभिमानाने “हो” म्हणाला.

“मग मी नाही खाणार,” ही म्हणाली. “निदान फोडणी तरी द्यायची होती बिचाऱ्यांना.”

तिचंही खरं होतं. आपल्याकडे कालवं म्हणजे कांद्यावर परतलेली, वाटलेलं खोबरं लावलेली, वर दोन सोलं टाकलेली. कच्चं कालव मी खाल्लं होतं ते फक्त लहानपणी, खडपावर, आईची नजर चुकवून. साठ वर्षांनी तीच खारट, गार, लोखंडासारखी चव जिभेवर आली आणि मी डोळे मिटून घेतले. ही घाबरून म्हणाली, “बाधलं का?”

खरी बाधा संध्याकाळी झाली. आमचे जावईबापू सद्गृहस्थ आहेत, सासऱ्याशी कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. पण त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, “बाबा, ऑयस्टर खायची असली तर आपण रविवारी चांगल्या ठिकाणी जाऊ. हॅपी अवरची खाऊ नका. स्वस्त असतात म्हणजे काहीतरी असणारच.”

वाचकहो, माझं भांडण जावईबापूंशी नाही. माझं भांडण ‘स्वस्त आहे म्हणजे काहीतरी असणारच’ या वाक्याशी आहे. हे वाक्य आपल्या मध्यमवर्गाच्या देव्हाऱ्यात बसलेलं आहे. या वाक्यापायी आपण स्वस्त डॉक्टर सोडतो, स्वस्त शाळा सोडतो, आणि महागात फसलो की ‘निदान चांगल्या ठिकाणी फसलो’ म्हणून समाधान मानतो. तेव्हा या वाक्याचा एकदा हिशेब तपासलाच पाहिजे.

पहिला आक्षेप, स्वस्त म्हणजे शिळी. त्या देशात कालवांच्या प्रत्येक पोत्याला एक चिठ्ठी असते. कुठल्या पाण्यातली, कोणत्या तारखेला काढलेली, कुणी पाठवली, हे सगळं तिच्यावर लिहिलेलं असतं आणि पोतं संपल्यावरही ती चिठ्ठी हॉटेलाने नव्वद दिवस जपून ठेवायची असते. हा नियम वाचून माझ्या हिशेबनिसाच्या हृदयात कालवाकालव झाली. (हा विनोद मुद्दाम केलेला नाही, झाला.) दुसऱ्या दिवशी जाऊन मी चिठ्ठी मागितली. गड्याने हसत दाखवली. माल तीन दिवसांपूर्वीचा होता. आता तुम्हीच सांगा, जिथे दोन तासांत शेकड्यांनी कालवं फुटतात तिथलं पोतं ताजं, की जिथे रविवारी चार श्रीमंत येऊन सहा-सहा खाऊन जातात तिथलं? ज्याचं यकृत बिघडलेलं आहे किंवा अंगात ताकद नाही, त्याने कच्ची कालवं मुळीच खाऊ नयेत. पण त्याने ती चार डॉलरची खाऊ नयेत आणि दीड डॉलरचीही खाऊ नयेत. जंतूंना दर वाचता येत नाही.

दुसरा आक्षेप, जात हलकी असेल. चांगल्या ठिकाणी म्हणे वीस-वीस नावांची यादी असते : ब्लू पॉइंट, वेलफ्लीट, माल्पेक. यादी हातात घेतली की माणूस कुठल्यातरी संस्थानाच्या वंशावळीपुढे बसल्यासारखा गंभीर होतो. पण ही नावं गावांची. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे सगळं कालव एकाच जातीचं. पाण्याप्रमाणे चव बदलते, हे मला मान्य आहे. देवगड आणि रत्नागिरी या विषयावर आमच्या घरात दोन दिवस अबोला झालेला आहे. पण म्हणून कोणी हापूस दुपारी चारला कुलीन आणि सहानंतर राजघराण्यातला होत नाही. दीडची आणि पावणेचारची कालवं एकाच बर्फावर, एकमेकांना खेटून बसलेली मी स्वतः पाहिली आहेत. सहा वाजले तेव्हा त्यांच्यात काही फरक पडलेला दिसला नाही. फरक पडला तो फळ्यावर.

तिसरा आक्षेप बोलून दाखवत नाहीत, मनात ठेवतात : हे मुळात बड्यांचं खाणं, आपल्याला दोन तास मिळतं हे उपकारच. इथे मात्र इतिहास काढावा लागतो. न्यूयॉर्कच्या बंदरात एके काळी इतकी कालवं होती की गाडीवाले ती रस्त्याच्या कडेला विकत. एकोणिसाव्या शतकात कॅनॉल स्ट्रीटवरच्या तळघरांत सहा सेंट ठेवले की हवी तेवढी खा, अशी सोय असे. फारच खाणाऱ्या गिऱ्हाइकाला मालक हळूच एखादं बिघडलेलं सरकवी, असंही सांगतात. म्हणजे ‘राइस प्लेट’च्या मालकांचे पूर्वज तिथेही होते. थॉमस डाउनिंग नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थांनी १८२५ साली ब्रॉड स्ट्रीटवर कालवांची खानावळ काढली. तिथे बँकवाले आणि पुढारी जेवायला येत, आणि त्यांच्या पायांखालच्या तळघरात दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळे. एका कालवाने एवढ्या लोकांचं भलं केल्याचं उदाहरण मला तरी दुसरं ठाऊक नाही.

मग ती महाग कशी झाली? ती बड्यांना आवडली म्हणून नव्हे. शहराने आपली सगळी घाण बंदरात सोडली, विषमज्वराच्या साथी आल्या, आणि १९२७ साली शहराच्या हद्दीतली कालवांची शेवटची खाजणं बंद करावी लागली. गरिबाच्या ताटातला पदार्थ गटारात घालवायचा आणि मग तोच बाहेरगावाहून आणून चांदीच्या तबकात पावणेचार डॉलरला विकायचा, याला तिथे प्रगती म्हणतात. आपल्याकडेही म्हणतात. आता २०१४ पासून तिथली एक संस्था हॉटेलांतले रिकामे शिंपले गोळा करून त्यांवर कालवांची पिल्लं वाढवते आणि बंदरात सोडते. २०३५ पर्यंत एक अब्ज सोडायची आहेत. खायला नव्हे, बंदर सुधारायला. एक मोठं कालव दिवसाला पन्नास गॅलनपर्यंत, म्हणजे जवळजवळ १९० लिटर पाणी गाळून काढतं. ज्याने शहराची घाण सोसली त्यालाच ती साफ करायला लावलं आहे, तेही बिनपगारी. आमच्या म्युनिसिपालिटीलाही एवढं सुचलं नव्हतं.

आणि उपकार म्हणाल, तर कोण कुणावर करतो? चार ते सहा ही हॉटेलवाल्याची भाकड वेळ. खुर्च्या रिकाम्या, भाडं चालू, गडी उभा. आम्ही तिथे जाऊन बसतो, सक्तीचं पेय घेतो, ज्यात त्याला खरा नफा. वर पावणेनऊ टक्क्यांहून जास्त कर भरतो आणि वीस टक्के टिप ठेवतो. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८४ साली स्वस्त दारूचे हॅपी अवर कायद्याने बंद केले, तेव्हा बोस्टनच्या हॉटेलवाल्यांनी दारूऐवजी खाणं स्वस्त केलं आणि डॉलरला एक कालव देऊन खुर्च्या भरल्या. खुर्च्यांना माणसं लागतात, साहेब. तेव्हा मान खाली घालून आत शिरायचं काही कारण नाही.

हे सगळं मी मुलीला इतक्या वेळा ऐकवलं, की एका शुक्रवारी ती म्हणाली, “बाबा, आज मी ऑफिसातून थेट तिथेच येते.” साडेपाचला सुटणार होती. आम्ही दोघं पाचपासून तीन खुर्च्या धरून बसलो. ती धापा टाकत आली तेव्हा सहाला दोन मिनिटं कमी होती. मी हात वर करून डझनभर सांगितली. पोरगी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती, तिने “आलेच” म्हटलं, आली, यंत्रावर बोटं मारली. कालवं आली, आम्ही खाल्ली, लेक खूश झाली. मग बिल आलं. बारा कालवं, पंचेचाळीस डॉलर. अठराऐवजी पंचेचाळीस! मी मॅनेजरला बोलावलं. तो अदबीने म्हणाला, “सिस्टीममध्ये सहा वाजून तीन मिनिटांची नोंद आहे, सर. माझ्या हातात काही नाही.”

तीन मिनिटांना सत्तावीस डॉलर. मिनिटाला नऊ. मी तावातावाने बोलायला तोंड उघडलं आणि एकदम लक्षात आलं, की हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं आहे. कुठे म्हणजे? मीच बोललो आहे! चौतीस वर्षं, बरोबर तीन वाजता पैसे भरायची खिडकी बंद करताना, रांगेत उरलेल्या माणसांना. “तीन वाजले. माझ्या हातात काही नाही.” त्यांतला एखादा आज माझ्या शेजारी सोडा पीत बसला असता, तर त्याने माझ्या बिलावर स्वखुशीने टिप ठेवली असती. तरीही मी बोललो. चूक माझी असली तरी हिशेब त्यांचा चुकलेला होता.

तेवढ्यात मुलीने माझी बाही ओढली. चेहरा लाल झालेला. “बाबा, जाऊ दे ना. मी देते. लोक बघतायत.”

मी गप्प बसलो. पैशांमुळे नव्हे.

आमचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. पगार वीस तारखेपर्यंत पुरायचा. पुढचे दहा दिवस आई समुद्रावर सोडायची. शेजारणींबरोबर कोयती आणि टोपली घेऊन सुकतीला खडपात जायची, कालवं फोडून आणायची. बोटांना शिंपल्यांच्या धारा लागलेल्या असायच्या, त्यांना हळद लावून ती रात्री भाकऱ्या थापायची. मी टोपली धरायला बरोबर असे. एकदा परतताना वर्गातली दोन मुलं समोरून आली. मास्तरांचा मुलगा आणि कालवांची टोपली! मी आईला म्हटलं, “आई, वर पदर घाल. लोक बघतायत.” आणि दहा पावलं मागे राहिलो. आईने वळूनसुद्धा पाहिलं नाही. चालता चालता म्हणाली, “बघतत तर बघूंदेत. दर्यो कोणाच्या बापाशीचो नाय.”

ती दहा पावलं मी पुढे कधीच भरून काढली नाहीत. नोकरी लागल्यावर आईला मुंबईला आणलं, महागाचं पापलेट खाऊ घातलं. कालवं कधी आणली नाहीत. स्वस्त होती ना! म्हणजे ते देव्हाऱ्यातलं वाक्य जावईबापूंनी अमेरिकेत शोधलेलं नाही. त्याची पूजा माझ्याच घरात चालू होती. मुलीने बाही ओढली तेव्हा प्रसाद हातात पडला.

म्हणून आता स्पष्ट मागणी करतो. स्वस्ताई ही भरतीओहोटीसारखी असावी. समुद्राचा हॅपी अवर रोज दोनदा येतो, आणि तो रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकतो. आज ज्याला कामामुळे जमलं नाही, त्याला चार दिवसांनी जमतं. पेय घ्यायची सक्ती नाही. खडपात कुठे बसायचं हे कुणी सांगत नाही. मास्तरणीला एक वेळ आणि खोतिणीला दुसरी, असंही नाही. उलट या शहराची सुकती रोज चार ते सहा, खिळ्याने ठोकलेली. त्या वेळी कोण मोकळा असतो? माझ्यासारखा पेन्शनर, आणि ज्याला घड्याळ लावून काम करावं लागत नाही तो. दिवसभर राबून जो सहाला सुटतो, त्याला नेमका पूर्ण दर. फळीपलीकडच्या त्या गड्याला मी विचारलं होतं, “तू कधी खातोस?” तो मेक्सिकोतल्या एका समुद्रकाठच्या गावचा. बोटांवर तशाच धारा. म्हणाला, “मी अकराला सुटतो. तेव्हा सगळंच बंद असतं.” सबंध शहराला दीड डॉलरचं सुख फोडून देणाऱ्या माणसाला ते सुख विकत मिळण्याची वेळच घड्याळात नाही! हॉटेलवाल्यांनो, रोज पन्नास मिनिटं पुढे सरका. बाहेर पंचांग लावा. महिन्यातून दोनदा तरी सुकती रात्री अकराला येऊ द्या.

या अर्थाचं एक पत्र मी त्या मॅनेजरला लिहिलं. उत्तर आलं नाही. मीही चौतीस वर्षांत कुणाच्या पत्राला फारशी उत्तरं दिलेली नाहीत, तेव्हा तक्रार नाही.

परतीच्या आदल्या आठवड्यात मुलीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही दारात उभे. आत बसल्यावर फळ्यावर दर ढळढळीत लिहिलेला असताना तिने वाढणाऱ्या पोरीला खणखणीत आवाजात विचारलं, “दीडलाच ना? आणि सहाच्या आत किती डझन सांगून ठेवता येतील?” चार माणसांनी वळून पाहिलं. बघतत तर बघूंदेत.

मी दहावं कालव उचललं तेव्हा हिने पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली. मालवणी मसाला. एका कालवावर चिमूटभर भुरभुरवला आणि गड्याकडे बघत मला विचारलं, “गेला का त्याचा जीव?”

“गेला.”

तिने डोळे मिटून ते तोंडात टाकलं. आम्ही सगळे, गड्यासकट, तिच्याकडे बघत राहिलो.

“मीठ बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि दुसरं उचललं.